मालवण आणि सावंतवाडी : एका जिल्ह्याची दोन मने

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



पन्नास वर्षे हा व्यक्तीच्या आयुष्यातील मोठा आणि गावाच्या आयुष्यातील अगदी लहान काळ होय. संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण केली म्हणजे दोन पिढ्यांनी एकमेकींच्या हाती विश्वासाने काहीतरी सोपविले. अशा प्रसंगी संस्था ज्या मातीत रुजली त्या मातीचा स्वभाव तपासून पाहणे उचित ठरते, कारण संस्था आणि माणसे आपल्या गावाचे गुण-दोष नकळत उचलत असतात. म्हणून आजच्या विवेचनासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोन गावे घेतली आहेत, मालवण आणि सावंतवाडी.

दोन्ही गावांत अंतर केवळ पन्नासेक किलोमीटरचे. दोन्हींची वस्ती पंचवीस हजारांच्या आतली, दोन्हीकडे जांभ्या दगडाची घरे, माडा-पोफळीची सावली, एकच बोली आणि एकच पाऊस. परगावच्या माणसाला या दोहोंत फरक तो काय दिसणार? परंतु सकाळी मालवणच्या बंदरावर आणि सायंकाळी सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी जो थोडा वेळ उभा राहील, त्याला दोन निराळी मने भेटल्यावाचून राहणार नाहीत. एक मन समुद्राकडे तोंड करून उभे आहे, तर दुसरे तळ्याभोवती बसले आहे.

नावांपासूनच आरंभ करावा. मालवण या नावाची व्युत्पत्ती पुष्कळ जण 'लवण' या शब्दाशी, म्हणजे मिठाशी जोडतात. सावंतवाडीचे जुने नाव सुंदरवाडी. एका गावाच्या नावात मीठ आणि दुसऱ्याच्या नावात सौंदर्य! व्युत्पत्ती पंडितांनी ठरवावी. परंतु स्वभावाचे वर्णन म्हणून ही दोन नावे चुकीची नाहीत.

मालवणचा इतिहास समुद्राने घडविला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी केली. किनाऱ्यावरील 'मोरयाचा धोंडा' या ठिकाणी त्या वेळी पूजन झाले, असे मानले जाते. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत हे काम पुरे झाले. पायाच्या दगडांत शिसे ओतून तट उभारले गेले. चोहोबाजूंनी खारे पाणी असताना किल्ल्याच्या पोटात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी लागले. साडेतीन शतकांच्या लाटा अंगावर घेऊन तो तट आजही उभा आहे, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत सिंधुदुर्गाचे नाव आहे. किल्ल्यात राजाराम महाराजांच्या काळात उभारलेले श्रीशिवराजेश्वराचे मंदिर आहे. तेथील महाराजांच्या मूर्तीच्या मस्तकी दर्यावर्दी माणसाचे शिरस्त्राण आहे, असे जाणकार सांगतात. राजालाही आपल्यासारखा दर्यावर्दी करून घेण्याची ही ऊर्मी अस्सल मालवणी होय.

सावंतवाडीचा इतिहास दरबाराने घडविला. सतराव्या शतकात उदयास आलेल्या सावंत-भोसले घराण्याने एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला कोल्हापूरकर आणि पुढे इंग्रज अशा तिहेरी दडपणाखाली आपले छोटे राज्य टिकवून धरले. तलवार तर चालवावी लागलीच, पण तह, तडजोड, बोलणी आणि वेळ पाहून मागे घेतलेले पाऊल यांचाही आश्रय घ्यावा लागला. १७५५ ते १८०३ असा दीर्घकाळ गादीवर असलेल्या तिसऱ्या खेमसावंतांच्या पदरी विद्वान आणि कलावंत यांना आश्रय मिळाला. पुढे १८७४ साली राजवाड्यासमोर मोती तलाव आकारास आला आणि त्याच्या काठाकाठाने गावाचे आजचे रूप घडत गेले. ज्या गावाच्या मध्यभागी स्थिर पाणी असते, त्या गावाची चालही संथ होते की काय, कोण जाणे!

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ही दोन गावे दीर्घकाळ परस्परविरोधी सत्तांच्या छायेत होती. मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला कोल्हापूरकरांकडे होता. सावंतवाडीकरांचे आणि कोल्हापूरकरांचे वैर तर पिढ्यान् पिढ्या चालले. १८१२ साली इंग्रजांनी दोघांनाही एकदमच निकालात काढले. कोल्हापूरकरांना मालवण सोडून द्यावे लागले, तर सावंतवाडीकरांना वेंगुर्ल्याचे बंदर. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो, हे व्यापाऱ्याला दुकानाच्या पायरीवर समजणारे सत्य दोन्ही दरबारांना तहाच्या कागदावर समजले. त्यानंतर मालवण इंग्रजी मुलखात राहिले आणि सावंतवाडी १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत संस्थान राहिली. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा जन्माला आला, तेव्हा ही दोन मने एका जिल्ह्यात नांदू लागली. जिल्ह्याला नाव मालवणच्या किल्ल्याचे मिळाले, मुख्यालय मात्र दोहोंपैकी कोणालाच न मिळता ओरोसला गेले. न्याय झाला, असेच म्हणावे लागेल.

इतिहासापेक्षाही गावाचा स्वभाव कळतो तो बाजारपेठेत. कापडाच्या व्यवसायात ज्यांची हयात गेली आहे, त्यांना हा फरक ग्रंथ न वाचताही ठाऊक असतो. मालवणच्या पेठेतील दुकानदाराची वही समुद्राच्या पंचांगावर चालते. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात आणि गल्लाही तसाच शाकारलेला असतो. नारळी पौर्णिमेला किल्ल्यावरून सोन्याचा मुलामा दिलेला नारळ वाजतगाजत समुद्राला अर्पण होतो. व्यापारी आणि नागरिकही बंदरावर जाऊन आपापला नारळ वाहतात. त्यानंतर हळूहळू खाती मोकळी होऊ लागतात. पाठोपाठ गणपतीला मुंबईचे चाकरमानी येतात आणि वर्षाची निम्मी विक्री त्या पंधरवड्यात होऊन जाते. गिऱ्हाईक उभ्या-उभ्या येते, भाव रोखठोक विचारते, पटला तर घेते, न पटला तर तोंडावर सांगून निघून जाते. हाती पैसा असला की मोजत नाही, आणि नसला की लपवीत नाही. 'या खेपेला जमणार नाही, पुढल्या खेपेला घ्या' असे ते सरळ सांगते, आणि बहुतेक वेळा पुढल्या खेपेला खरोखरच आणून देते.

सावंतवाडीचे गिऱ्हाईक निराळे. आठवडा बाजाराला आसपासच्या खेड्यांतून माणसे येतात, लग्नाचा बस्ता बांधायला घरची सारी वडील मंडळी येतात, आणि बैठक घालून बसतात. कापड बोटांत धरून त्याचे पोत पाहिले जाते, उजेडात नेऊन रंग पारखला जातो, काठाची आणि पदराची चर्चा होते. भाव विचारला जातो तो अखेरीस आणि तोही हळू आवाजात. गिऱ्हाईक 'नको' म्हणत नाही. 'जरा फिरून येतो' म्हणते. नव्या दुकानदाराला त्याचा अर्थ कळायला दोन वर्षे लागतात. पण एकदा ते गिऱ्हाईक दुकानाला लागले, की त्याची नातवंडेही त्याच पायरीवर चढतात.

मालवणची उधारी मोठी असते पण लवकर फिरते. सावंतवाडीची लहान असते पण वर्षभर वहीत नांदते. दोहोंत बुडीत कोणाची अधिक, असा प्रश्न विचारला तर जुना व्यापारी हसेल आणि म्हणेल, माणूस ओळखण्यात चूक झाली असेल तर दोन्हीकडे सारखीच.

कापडाचाच धागा पुढे नेला तर दोन्ही गावांचा स्वभाव आणखी उलगडतो. ज्या काळी गलबते शिडांवर चालत, त्या काळी बंदरात जाडे कापड लागे ते शिडांसाठी. वारा भरून घ्यावा आणि दूरदेशी निघावे, हे त्या कापडाचे काम. सावंतवाडीच्या चितारआळीत कापड जाई ते निराळ्याच कामाला. कापडाचे वा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घोटून, गोल कापून, पाठीवर लाख चढवून त्यांवर गंजिफाची चित्रे रंगविली जात. तळहातावर मावेल एवढ्या वर्तुळात मत्स्यापासून कल्कीपर्यंतचे अवतार! दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० पाने असतात. प्रत्येक अवताराची बारा, त्यांत एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंत दहा. एक पान बिघडले तर सारा संच वाया जातो. शीड शिवणाऱ्याला वाऱ्याचा अंदाज लागतो, पान रंगविणाऱ्याला श्वासाचा संयम. एकाच कापडाने दोन गावांत दोन प्रकारची माणसे घडविली, ती अशी.

सावंतवाडीची लाकडी फळे तर देशभर गेली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून आंबा, केळे, सीताफळ, मिरची अशी काही घडवावीत की पाहुण्याने उचलून नाकाशी न्यावीत. वस्तूला वस्तूसारखे दिसेपर्यंत सोडायचे नाही, हा सावंतवाडीचा बाणा. मालवणचा बाणा याच्या उलट आहे. तेथे वस्तूपेक्षा प्रसंग मोठा. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तिथी पंचांगात नसते. ती दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरविली जाते, आणि ठरली की लाखोंचा समुदाय लोटतो. आचरे गावची 'गावपळण' तर त्याहून विलक्षण. काही वर्षांच्या अंतराने, देवाचा कौल मिळाला की सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर पडतो, तीन दिवस आणि तीन रात्री उघड्यावर राहतो आणि पुन्हा घरी परततो. आपले घर, आपले सामान, आपली मालकी काही काळ मागे ठेवून बाहेर पडता आले पाहिजे, असा संस्कार ज्या मुलखाने स्वतःवर करून घेतला आहे, त्याला परिग्रहाचे ओझे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही.

घर सोडून निघण्याची ही वृत्ती मालवणच्या हाडामासांत आहे. मुंबई–गोवा आगबोटींच्या काळात बोट भर समुद्रात उभी राही, आणि पडावातून हेलकावे खात उतारूंना तिच्यापर्यंत जावे लागे. त्या पडावांतून मालवणने कितीतरी माणसे जगाला दिली. प्राच्यविद्येचे महापंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ साली मालवणचा. त्यांच्या नावाने १९१७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या संशोधन संस्थेत आज सहस्रावधी जुनी हस्तलिखिते सुरक्षित आहेत, आणि त्यांत जैन ग्रंथांची संख्याही मोठी आहे. १९७३ मध्ये 'कालनिर्णय' सुरू करणारे जयंतराव साळगावकर हेही मूळचे मालवणचे. घरोघरच्या भिंतीवर तिथी-वार सांगणारे पान एका मालवणी माणसाच्या कल्पनेतून आले. मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी बोली रंगभूमीवर अशी काही गाजविली की परप्रांतीयांनाही तिचा गोडवा कळला. ही सारी माणसे मोठी झाली ती गावाबाहेर जाऊन.

सावंतवाडीने उलट मार्ग धरला. तिने बाहेरची गुणवत्ता आपल्याकडे बोलाविली आणि बसवून घेतली. गंजिफाची कला तेलंगणाकडील पंडितांबरोबर आली असे परंपरा सांगते. सावंतवाडीने ती आपलीशी केली. पंचम खेमराज तथा बापूसाहेब महाराज (१८९७–१९३७) यांच्या कारभाराला महात्मा गांधींनी रामराज्याची उपमा दिली होती, ही आठवण सावंतवाडीकर आजही अभिमानाने सांगतात. त्यांच्या नावाच्या महाविद्यालयातून आजूबाजूच्या तालुक्यांतील किती पिढ्या शिकून बाहेर पडल्या! थोडक्यात सांगायचे तर मालवणने माणसे पाठविली आणि सावंतवाडीने माणसे सांभाळली.

अर्थात असे वर्गीकरण फार ताणू नये. सावंतवाडीची माणसे मवाळ म्हणून दुबळी, असे कोणी समजू नये. १८३८ मध्ये संस्थानाचा कारभार इंग्रजांनी हाती घेतला आणि १८४४ साली याच मुलखात मोठे बंड उसळले. फोंड सावंतांसारखे सरदार त्यात पुढे होते. आणि मालवणची माणसे उतावळी म्हणून उथळ, असेही नव्हे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्यावरून गेले. छपरे उडाली, माड कोसळले, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. त्या अंधारात या किनाऱ्याने जो धीर दाखविला तो उथळ माणसांचा नव्हे. ज्यांची उपजीविका रोज लाटांवर अवलंबून असते, त्यांना नुकसान झेलण्याचा सराव असतो.

मित्रहो, येथपर्यंतचे विवेचन आनंदाचे झाले. परंतु सुवर्णमहोत्सव हा केवळ गौरवाचा प्रसंग नसतो, तो हिशेब तपासण्याचाही असतो. आणि आज या दोन्ही गावांच्या खातेवहीत काही नोंदी काळजी वाटाव्यात अशा आहेत.

मालवणचे उदाहरण प्रथम घेऊ. या किनाऱ्यावर 'रापण' नावाची जुनी रीत आहे. भले मोठे जाळे समुद्रात सोडून किनाऱ्यावरून अख्ख्या वाडीने ओढायचे आणि मिळेल त्याचे वाटे करायचे. ज्याने दोराला हात लावला, त्याला वाटा. त्या व्यवसायाची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या समाजाला तो मार्ग आपला वाटणार नाही. परंतु वाटपाची ती नीती पाहण्यासारखी आहे. त्या दोरीवर म्हाताऱ्याचा हात असे, पोराचा असे, विधवेचाही असे. पुढे यांत्रिक नौका आल्या, त्यानंतर पर्ससीन जाळी आली, आणि रात्रीच्या अंधारात प्रखर दिवे लावून समुद्र उपसणे सुरू झाले. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले, २०१७ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरीही पारंपरिक आणि यांत्रिक यांच्यातील संघर्ष मिटलेला नाही. जेथे हात लावणाऱ्याला वाटा होता, तेथे भांडवल घालणाऱ्याला सारे, असा हा बदल आहे. समुद्र रिता झाला तर पेठही रिती होईल, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. दुकानाचा गल्ला ते आधीच सांगू लागतो.

पर्यटनाने मालवणला नवा पैसा दिला. तारकर्लीची वाळू, समुद्राखाली बुडी मारून पाहण्याची हौस, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या यांमुळे हजारो हातांना काम मिळाले. ही चांगलीच गोष्ट आहे. पण याबरोबर किनाऱ्यालगतच्या जमिनी विकण्याची घाईही आली. मुंबईला गेलेला चाकरमानी पूर्वी गणपतीला परत येई, कारण परत येण्यासाठी घर होते. घराची जागाच विकली, तर तो कोणत्या पायरीवर परत येणार? पाठविणे हा मालवणचा गुण होता, कारण त्याच्या पाठीशी परतणे होते. गावपळणीचा अर्थ चौथ्या दिवशी घरी येण्यात आहे. न परतणाऱ्या पळणीला दुसरे नाव आहे. तिला उजाड होणे म्हणतात.

घाईचा आणखी एक धडा याच किनाऱ्याने दिला. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनानिमित्त मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवरायांच्या भव्य पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही पुरते झाले नव्हते. साऱ्या महाराष्ट्राला ते दुःख झाले. २०२५ मध्ये त्या जागी नवा पुतळा उभा राहिला. दोषाची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण राजकोटच्या त्या जागेवरून नजर उचलली की समोरच सिंधुदुर्गाचा तट दिसतो. तोच वारा, तेच खारे पाणी, तोच पाऊस; आणि साडेतीनशे वर्षे! ज्या महाराजांनी पायात शिसे ओतायला वेळ दिला, त्यांच्या स्मारकाला आपण पुरेसा वेळ दिला नाही. कापडाचा व्यापारी याला एका वाक्यात सांगेल, माल कच्चा असला की रंग पहिल्याच धुण्यात जातो.

सावंतवाडीचे दुखणे शांत आहे, म्हणून ते लवकर दिसत नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला गंजिफाची कला जवळजवळ विझली होती. छापील पत्ते स्वस्त मिळू लागले, मग हाताने रंगविलेली पाने कोण घेणार? त्या वेळी राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या वृद्ध चिताऱ्याकडून ती कला जाणून घेतली, स्वतः कुंचला हाती धरला आणि राजवाड्याच्या दरबारातच चित्रशाळा उघडली. ज्या घराण्याने एके काळी चिताऱ्याला आश्रय दिला, तेच घराणे चिताऱ्यासमोर विद्यार्थी म्हणून बसले. या जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासात याहून सुंदर प्रसंग शोधावा लागेल. आज गंजिफाला आणि लाकडी कारागिरीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते. हात निर्माण करीत नाही. चितारआळीतील मुलगा शिकून गोव्यात नोकरीला जातो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? महिनाभर डोळे ताणून रंगविलेल्या संचाची किंमत ऐकून जो पाहुणा 'एवढे?' असे म्हणून पुढल्या दुकानी प्लास्टिकचे खेळणे घेतो, तो आपल्याच घरचा असतो.

सावंतवाडीचा दुसरा दोष म्हणजे वाट पाहणे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, पण स्थानक गावापासून काही किलोमीटर दूर पडले. महामार्ग पूर्वी गावातून जाई. नवा मार्ग झाराप–पत्रादेवी असा बाहेरून निघून गेला. मालवणवर हे संकट आले असते तर मालवणकरांनी दुसऱ्याच दिवशी महामार्गावर जाऊन टपरी थाटली असती. सावंतवाडीकर तळ्याकाठी बसून, महामार्ग गेला हे एका परीने शांततेला बरेच झाले, अशी चर्चा करीत राहिले. शांतता हे भूषण खरे, पण तिच्या सावलीत पेठ झोपी जाता कामा नये.

तेव्हा या तुलनेतून निष्पन्न काय होते? कोणते गाव श्रेष्ठ, हा प्रश्न व्यर्थ आहे. एका डोळ्याने पाहिले तर अंतर कळत नाही. दोन डोळ्यांची दृष्टी थोडी निराळी असते म्हणूनच वस्तूची खोली समजते. मालवणकडून धाडस, मोकळा हिशेब, रोखठोक वाणी आणि नुकसान पचविण्याची ताकद घ्यावी. सावंतवाडीकडून पोत पाहण्याची सवय, हळू आवाज, पूर्णत्वाचा ध्यास आणि सांभाळून ठेवण्याची माया घ्यावी. मालवणने सावंतवाडीकडून थांबणे शिकावे, सावंतवाडीने मालवणकडून निघणे शिकावे.

व्यापारी समाजाला तर हे शिकणे अधिक सोपे आहे, कारण व्यापारी हा दोन्ही गावांचा असतो. तो कधी समुद्रमार्गाने आला, कधी आंबोलीचा घाट उतरून बेळगाव-कोल्हापूरकडून आला; निघणे त्यालाही ठाऊक होते आणि रुजणेही. त्याच्या हाती मोठी सत्ता नाही, पण लहान निर्णय अनेक आहेत. घरच्या लग्नात आहेर म्हणून परदेशी वस्तूऐवजी चितारआळीतील एक पेटी द्यावी. मुलांच्या वाढदिवसाला पांगाऱ्याच्या लाकडाची फळे आणावीत. वडिलोपार्जित घर विकण्याचा कागद पुढे आला तर सही करण्यापूर्वी एक पावसाळा थांबावे. किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाचा हंगाम वाया गेला असेल, तर त्याचे खाते आणखी एका नारळी पौर्णिमेपर्यंत पुढे न्यावे. यांपैकी एकाही गोष्टीसाठी ठराव, वर्गणी वा समिती लागत नाही.

या दोन्ही गावांना जोडणारा एक जुना धागा आहे, त्याचा उल्लेख करून हे विवेचन आटोपते घ्यावे. सावंतवाडीच्या पानांवर जे दशावतार रंगविले जातात, तेच दशावतार हिवाळ्यातील जत्रांतून जिल्हाभर रात्र-रात्र रंगतात. त्या खेळाला लिखित संहिता नसते. नट तोंडाला रंग लावतो, देवळासमोर उभा राहतो आणि संवाद जागच्या जागी सुचत जातात. पहाट होईपर्यंत गाव बसून असते. एकीकडे तळहाताएवढ्या पानावर महिनाभर जपून रंगविलेला देव, तर दुसरीकडे एका रात्रीत उत्स्फूर्तपणे उभा राहिलेला देव. रंगविणारा आणि नाचणारा दोघेही याच मातीचे. कित्येकदा रंगविणाऱ्याचे सारे घर नाचणाऱ्याचा खेळ पाहायला घोंगडी घेऊन जाते, आणि नाचणाऱ्याच्या घरच्या देव्हाऱ्यात चिताऱ्याने केलेला पाट असतो.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या संस्थेचा पाया घातला, त्यांनी मालवणकराप्रमाणे धाडस केले आणि सावंतवाडीकराप्रमाणे ते जपले. त्यांच्या हिशेबाची वही आता तरुण हातांत येत आहे. पुढल्या पन्नास वर्षांत गावे बदलतील, रस्ते बदलतील, व्यवसायही बदलतील. वहीचे पहिले पान मात्र कोरे नाही, एवढे नव्या हातांनी ध्यानी ठेवावे. आणि जमेच्या बाजूला काही भर घालूनच ती पुढे सोपवावी, हीच या मंगल प्रसंगी सर्वांच्या वतीने प्रार्थना.

जय जिनेंद्र.